प्रगतिपुस्तक

आमच्या माळ्यावर एक निळी फाइल आहे. तिच्यातलं पहिलं पान जून २००७ मधलं. रेवा तेव्हा अडीच वर्षांची होती. पानावर इंग्रजीत छापलेला तक्ता आणि त्यात पेनाने भरलेली उत्तरं. मान धरणे: अंशतः. आधाराशिवाय बसणे: नाही. रांगणे: नाही. उभे राहणे: नाही. शब्द: नाही. शेवटच्या रकान्यावर ‘प्रगती’ असं छापलेलं आहे आणि त्यात ‘नगण्य’ लिहून खाली सही. त्याच आठवड्यात माझ्या वडिलांनी काढलेल्या खोट्या शिंकेला रेवा इतकी हसली होती की तिला उचकी लागली. आजोबा थांबले की पुढची शिंक कधी येते म्हणून ती त्यांच्या नाकाकडे बघत राहायची. त्यासाठी तक्त्यात रकाना नव्हता.

मी वडोदऱ्याच्या एका कॉलेजात इतिहास शिकवतो. कागद हातात आला की तो कोणी, कधी आणि कोणाला दाखवायला लिहिला हे विचारायची आमच्या धंद्याला खोड असते. पण हा कागद माझ्याच लेकीबद्दल होता, त्यामुळे ते प्रश्न विचारायला मला बरीच वर्षं लागली.

रेवाला जे आहे त्याला डॉक्टर डिस्कायनेटिक सेरेब्रल पाल्सी म्हणतात. घरात आम्ही नुसतं ‘सीपी’ म्हणतो. हालचालींना आवर घालणारी मेंदूच्या आतली केंद्रं जन्मानंतरच्या पहिल्या आठवड्यात दुखावली. तिचे स्नायू लुळे नाहीत. उलट ते फार हलतात, फक्त तिच्या मर्जीने हलत नाहीत. हात पुढे करायला जावं तर तोंड वाकडं होतं, पाय आखडतो, बोटं एकेक करून पाण्यातल्या शेवाळासारखी वळत राहतात. झोप लागली की सगळं शांत. अमेरिकन डॉक्टर विल्यम हॅमंड यांनी १८७१ मध्ये या वळवळीला ‘अथेटॉसिस’ असं नाव दिलं. ग्रीक शब्द आहे. अर्थ एवढाच की एका जागी न राहणारं.

सेरेब्रल पाल्सीचा इतिहास सांगणारे सहसा लंडनच्या विल्यम जॉन लिटल यांच्यापासून सुरुवात करतात. १८१० मध्ये जन्मलेल्या या माणसाचा स्वतःचा डावा पाय लहानपणीच्या पोलिओने वाकडा झाला होता. १८३६ मध्ये ते जर्मनीत हॅनोव्हरला लुई स्ट्रोमायर यांच्याकडे गेले, टाचेवरची शीर कापून पाय सरळ करून घेतला आणि तीच शस्त्रक्रिया शिकून लंडनला परतले. पुढे आखडलेल्या पायांची मुलं त्यांच्याकडे येऊ लागली आणि लिटल यांनी प्रत्येक आईला बाळंतपण कसं झालं हे विचारायला सुरुवात केली. १८६१ मध्ये लंडनच्या प्रसूतितज्ज्ञांच्या सभेत त्यांनी निबंध वाचला: अवघड प्रसूती, अपुऱ्या दिवसांचा जन्म आणि जन्मताना श्वास कोंडणं यांचा मुलाच्या पुढच्या शरीर-मनावर परिणाम होतो. निबंधात त्यांनी शेक्सपिअरच्या तिसऱ्या रिचर्डचा दाखला दिला आहे. अपुऱ्या दिवसांचा जन्म आणि वाकडं शरीर यांचं नातं नाटककाराच्या ध्यानात आलं, डॉक्टरांच्या नाही, असा त्यांचा सूर. मला ही जागा आवडते. स्वतः लंगडत चालणारा डॉक्टर दवाखान्यातल्या नोंदींच्या शेजारी नाटकातलं पात्र ठेवतो.

याच विषयावर ज्याने जाड ग्रंथ लिहिला तो दुसरा माणूस म्हणजे सिग्मंड फ्रॉइड, हे ऐकून माझे विद्यार्थी चकित होतात. मनोविश्लेषणाच्या आधी फ्रॉइड व्हिएन्नातल्या मुलांच्या सार्वजनिक दवाखान्यात मज्जाविकारांचा विभाग सांभाळत होते. १८९७ मध्ये त्यांचा मुलांच्या मेंदूजन्य पक्षाघातावरचा ग्रंथ निघाला. ते काम त्यांना कंटाळवाणं वाटत होतं, हे त्यांच्या पत्रांतून दिसतं. तरी लिटलना विचारायला हवा तो प्रश्न त्यांनीच विचारला: अवघड प्रसूती हे कारण की गर्भातच काही बिघडलं होतं त्याचं तीही एक लक्षण? जवळजवळ ९० वर्षं कोणी फारसं लक्ष दिलं नाही. १९८६ मध्ये अमेरिकेतल्या हजारो बाळंतपणांच्या नोंदी तपासल्यावर दिसलं की बहुतेक मुलांच्या बाबतीत जन्माच्या वेळी श्वास कोंडणं हे कारण नसतंच. मधल्या काळात किती आयांना ‘तुम्ही नीट कळा दिल्या नाहीत’ हे ऐकावं लागलं असेल, त्याची नोंद कुठे सापडायची नाही.

आमच्या बाबतीत मात्र वादाला जागा नव्हती. आईचा रक्तगट ओ, लेकीचा बी. तिसऱ्या दिवशी बाळ पिवळं दिसायला लागलं. जिथे बाळंतपण झालं तिथे सांगितलं, सगळ्याच बाळांना होते, कोवळ्या उन्हात धरा. डिसेंबरचं ऊन होतं. माझी आई तिला दुपट्यात गुंडाळून गच्चीवर घेऊन बसायची. पाचव्या दिवशी रेवाने दूध ओढायचं सोडलं, तिची पाठ धनुष्यासारखी मागे वाकली आणि ती कधी ऐकली नव्हती अशा बारीक, उंच आवाजात रडायला लागली. दुसऱ्या इस्पितळात त्याच रात्री तिचं रक्त बदललं. तोवर कावीळ मेंदूत उतरली होती.

उन्हाची गोष्ट मी नंतर वाचली. १९५६ मध्ये इंग्लंडच्या एसेक्समधल्या रॉचफर्ड इस्पितळात अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा विभाग सांभाळणाऱ्या सिस्टर वॉर्ड चांगलं ऊन पडलं की बाळांना अंगणात न्यायच्या. कोंदट खोलीपेक्षा बाहेर बरं, असं त्यांचं मत. एकदा फेरीवर आलेल्या डॉक्टरांना त्यांनी जरा संकोचानेच एक बाळ दाखवलं. सगळं अंग उजळलेलं, फक्त चादरीचं टोक पडलं होतं तेवढा त्रिकोण गडद पिवळा. डॉक्टरांनी आधी विचारलं, इथे काही रंग लावलाय का? पुढे उन्हात राहून गेलेल्या रक्ताच्या नळीतही काविळीचं प्रमाण कमी भरलं आणि १९५८ मध्ये क्रेमर व सहकाऱ्यांनी दिव्याखाली बाळ ठेवण्याचा उपचार प्रसिद्ध केला. आज बाळांच्या विभागात दिसणारा निळा उजेड तिथून आला. म्हणजे माझ्या आईचं ऊन खोटं नव्हतं. ते अपुरं होतं, आणि काविळीचा आकडा न मोजता त्यावर भिस्त ठेवली गेली. आईला हे कधी पटलं नाही. मरेपर्यंत ती म्हणायची, मी आणखी अर्धा तास बसायला हवं होतं. तिला ही रॉचफर्डची गोष्ट सांगावी की नाही ते मला ठरवता आलं नाही आणि मग वेळ निघून गेली.

आता तक्ता. मूल कितव्या महिन्यात काय करतं याची यादी माणसांनी कायमच केली असणार. आपल्याकडे उष्टावणापासून जावळापर्यंत सगळे संस्कार महिने मोजूनच होतात. पण रकान्यांचा तक्ता विसाव्या शतकातला. अमेरिकेत येल विद्यापीठात अर्नोल्ड गेसेल यांनी निरोगी बाळांची शेकडो निरीक्षणं करून वयानुसार वेळापत्रकं बांधली, नॅन्सी बेली यांनी कॅलिफोर्नियात त्यांना गुण दिले. आणि मग शोधता शोधता मी आमच्याच शहरात परत आलो. बेली यांच्या मोजपट्ट्या भारतीय बाळांवर लावून इथली प्रमाणं बसवण्याचं काम झालं ते महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या बालविकास विभागात. प्रमिला फाटक यांनी एक ते तीस महिन्यांच्या बाळांच्या वाढीचा तो अहवाल १९७० मध्ये पुरा केला. देशभर त्याला ‘बडोदा नॉर्म्स’ म्हणतात. त्रिवेंद्रमचा १७ कलमांचा प्रसिद्ध तक्ताही त्यांतूनच काढलेला आहे. आमच्या घरापासून स्कूटरवर दहा मिनिटांच्या अंतरावर ही मोजदाद झाली होती. अमेरिकी बाळांच्या फुटपट्टीने आपली बाळं मोजू नयेत, हा त्यामागचा विचार किती रास्त होता! फाटक यांनी मोजलेली बाळं बसली, रांगली, चालली. रेवासारख्या मुलाने त्यांच्यापेक्षा वेगळ्या वाटेने एखादी गोष्ट साधली तर ती कुठे लिहायची, हे काम त्या तक्त्याचं नव्हतंच. आपण त्याच्याकडून ते काम करून घ्यायला गेलो.

फिजिओथेरपीच्या बेन रोज साडेचारला यायच्या. मोठ्या चेंडूवर पालथं घालून पाठ ताणणं, गुडघ्यांवर वजन देणं, पट्ट्यांनी बांधून लाकडी चौकटीत उभं करणं. त्यांच्या हातातल्या पुष्कळ गोष्टींचा उगम बर्टा आणि कारेल बोबाथ या जोडप्यात. दोघंही नाझी जर्मनीतून निसटून लंडनला पोचलेले यहुदी निर्वासित; बर्टा मूळची व्यायामशिक्षिका. १९४३ मध्ये पक्षाघात झालेल्या एका चित्रकाराच्या आखडलेल्या हातावर काम करताना तिच्या लक्षात आलं की शरीर विशिष्ट प्रकारे धरलं की ताठरपणा उतरतो. त्यातून पद्धत तयार झाली: चुकीच्या हालचालीला वाव द्यायचा नाही, बरोबर हालचालीची सवय लावायची.

रेवाची एक ‘चुकीची’ हालचाल होती. तान्ह्या बाळांमध्ये असते आणि काही महिन्यांत जाते तशी प्रतिक्षिप्त क्रिया तिच्यात उरली होती: मान उजवीकडे वळली की उजवा हात झटक्यात सरळ बाहेर जायचा, डावा दुमडायचा, तलवार उगारल्यासारखा. चारेक वर्षांची असताना तिने स्वतःच ती कामाला लावली. आंबा हवा असेल तर मान उजवीकडे. दार वाजलं तर मान उजवीकडे. हात फेकला जायचा आणि ती आमच्याकडे बघायची. बेन म्हणाल्या, याला उत्तर देऊ नका, नाहीतर हीच सवय पक्की होईल आणि हात मधे येणार नाही. आम्ही ऐकलं. तीन वर्षं आमच्या घरात कोणी त्या हाताला उत्तर दिलं नाही. फाइलमध्ये एका ठिकाणी नोंद आहे: ‘प्रतिक्षिप्त हालचालीचा वापर कमी. सुधारणा.’

हे पान वाचताना मला डब्लिनचा ख्रिस्टी ब्राउन आठवतो. बऱ्याच वाचकांनी ‘माय लेफ्ट फुट’ हा १९८९ चा चित्रपट पाहिला असेल, पण आत्मकथेतली एक गोष्ट जास्त टोचणारी आहे. १९३२ चा जन्म, गवंड्याच्या घरात. आईची २२ बाळंतपणं, त्यांतली १३ मुलं जगली. डॉक्टरांनी हा मतिमंद आहे म्हणून सांगितलं, आईने मानलं नाही. पाच वर्षांचा असताना बहिणीच्या हातातला पिवळा खडू त्याने डाव्या पायाच्या बोटांत पकडला. आईने जमिनीवर ‘ए’ काढलं आणि काही प्रयत्न फसल्यावर त्याने ते उमटवलं. पुढे त्याच पायाने चित्रं, त्याच पायाने पत्रं. तो सतरा-अठराचा असताना डॉ. रॉबर्ट कॉलिस त्याच्या घरी आले आणि त्याला तपासणीसाठी लंडनला त्यांच्या नातेवाईक, या विषयातल्या जाणत्या आयरीन कॉलिस यांच्याकडे पाठवण्यात आलं. त्या म्हणाल्या, सुधारणा होईल, पण एका अटीवर. डावा पाय वापरायचा नाही. सगळा जोर त्या पायातून जातो आणि बाकीचं अंग आणखी पिळवटतं.

ही अट दुष्टपणाची नव्हती. शरीरशास्त्राच्या दृष्टीने तिच्यात तथ्य होतं, आणि ख्रिस्टीने ती मान्य केली. चालता-बोलता येण्याच्या बदल्यात पाय, हा सौदा अठराव्या वर्षी कोणीही करील. नंतर तो आत्मकथा भावांना सांगून लिहवून घेऊ लागला. एका दुपारी शब्द काही केल्या येईनात. त्याने भावाला खोलीबाहेर घालवलं, बूट काढून फेकला, मोजा ओढून काढला आणि पेन्सिल पायाच्या बोटांत घेतली. पुस्तक १९५४ मध्ये आलं. व्यायामाने त्याचं बोलणं थोडं सुधारलं होतं, अंग थोडं सैल झालं होतं, हेही खरं. पण पुढची कादंबरी, ‘डाउन ऑल द डेज’, १९७० साली आली ती त्याच पायाने टाइप केलेली.

दोन्ही बाजू मांडतो आहे, कारण मला बेनवर खटला भरायचा नाही. त्यांच्या व्यायामामुळे रेवा आज पाठीला आधार देऊन तीन तास खुर्चीत बसू शकते. न बसणाऱ्या मुलाला शाळा नाही, सिनेमा नाही, पंगत नाही.

शाळेचा विषय निघालाच म्हणून सांगतो. १९७२ पर्यंत या देशात अशा मुलांना अभ्यासक्रम शिकवायचा असतो ही कल्पनाच जवळपास नव्हती. मिठू अलूर यांची मुलगी मालिनी १९६६ मध्ये कोलकात्यात जन्मली. तिला सेरेब्रल पाल्सी आहे. इंग्लंडमध्ये लेकीला शिकताना पाहून परतलेल्या अलूर यांनी मुंबईत कुलाब्याला तीन मुलांवर शाळा काढली. नर्गिस दत्त पहिल्या आश्रयदात्या. स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया ती हीच. तिच्या वाटेने कोलकाता, दिल्ली, बंगळूर, मद्रास इथे संस्था उभ्या राहिल्या. मालिनी चिब यांच्या आत्मकथेचं नाव ‘वन लिटल फिंगर’. एका करंगळीने टाइप केलेलं पुस्तक. मायलेकींच्या दोन पुस्तकांपैकी मला मात्र आईचा १९९८ चा लंडन विद्यापीठातला प्रबंध जास्त महत्त्वाचा वाटतो. त्यात त्यांनी दाखवून दिलं की १९७५ मध्ये सुरू झालेल्या, जगातल्या सर्वांत मोठ्या बालविकास योजनांपैकी एक असलेल्या आपल्या अंगणवाडी योजनेत अपंग मूल प्रत्यक्षात धरलेलंच नाही. प्रबंधाचं नाव ‘अदृश्य मुलं’. तक्त्यात ‘नाही’ लिहिण्यासाठीसुद्धा आधी मूल तक्त्यात यावं लागतं.

रेवाची भाषा हा आमच्या घरातला सर्वांत मोठा वाद. घरात मराठी, गल्लीत गुजराती, बेनशी हिंदी, डॉक्टरांशी इंग्रजी. वडोदऱ्यातल्या मराठी घरांत हे गायकवाडांच्या काळापासून असंच आहे, त्यात कोणाला काही विशेष वाटत नाही. पण वाचातज्ज्ञांनी सांगितलं, या मुलीवर इतका बोजा टाकू नका, एकच भाषा ठेवा, शाळेची. म्हणजे मराठी सोडा. असा सल्ला तेव्हा सर्रास देत. गेल्या वीसेक वर्षांतल्या अभ्यासांतून त्याला फारसा आधार मिळालेला नाही. रेवाची आई आणि मी तयार झालो होतो. माझी आई म्हणाली, मला गुजराती येतं, पण अंगाईपुरतं येत नाही. तिने मराठी चालूच ठेवली, आणि आम्ही दोघं स्वतःच्याच घरात अडखळत गुजराती बोलत राहिलो.

मग मला चार्ल्स ब्लिस सापडले. १८९७ मध्ये चेर्नोविट्झ या बहुभाषी गावात जन्मलेले यहुदी रसायन-अभियंता. गावात जर्मन, रुमानियन, युक्रेनियन, पोलिश बोलणारे शेजारी एकमेकांचा द्वेष करत आणि दोष भाषांचा, असं त्यांच्या मनाने घेतलं. डाखाऊ आणि बुखेनवाल्डच्या छळछावण्यांतून सुटून ते शांघायला पोचले. तिथे चिनी चित्राक्षरं पाहून त्यांना वाटलं, उच्चारच नसलेली लिपी केली तर जगातली भांडणं थांबतील. १९४९ मध्ये ऑस्ट्रेलियात त्यांनी ती चिन्हलिपी प्रसिद्ध केली. जगाने ढुंकून पाहिलं नाही. १९७१ मध्ये टोरोंटोत शर्ली मॅकनॉटन आणि त्यांचे सहकारी न बोलणाऱ्या मुलांसाठी काही शोधत होते. त्यांना ती लिपी ग्रंथालयात मिळाली. मुलं चिन्हांकडे बोट करून, नजर लावून बोलायला लागली. ब्लिस आनंदाने टोरोंटोला आले आणि थोड्याच काळात संतापले, कारण शिक्षिका त्यांची चिन्हं बदलत होत्या आणि मुलांना चिन्हांवरून इंग्रजीकडे नेत होत्या. त्यांची विश्वभाषा इंग्रजीचा जिना झाली होती. वकिलांपर्यंत गेलं ते भांडण. मला दोघांचीही बाजू कळते, पण मुलांना शेजाऱ्याशी बोलायचं होतं, आणि शेजारी इंग्रजी बोलत होता.

आम्हाला चिन्हं लागलीच नाहीत, कारण आपल्याकडे त्याहून जुनी सोय तयार होती. २०१२ च्या मे महिन्याच्या सुट्टीत मी रेवासाठी अक्षरांची पाटी करायला बसलो. इंग्रजी पाट्यांचे नमुने पाहिले. त्यांत एबीसीडी कशी मांडावी यावर पानंच्या पानं खर्ची घातलेली. आणि समोर आपली वर्णमाला. क ख ग घ ङ. च छ ज झ ञ. पाच ओळी, पाच घरं, कंठापासून ओठांपर्यंत आखलेली चौकट. त्याखाली य र ल व श, मग ष स ह ळ, आणि शेवटी काना-मात्रा. पाणिनीच्याही आधीच्या माणसांनी उच्चारासाठी केलेली ही मांडणी ज्याला उच्चारता येत नाही त्याच्यासाठी इतकी सोयीची असेल, हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं.

एक अडचण होती. काविळीने झालेल्या इजेत नजर वर उचलणं अवघड जातं, तसं रेवालाही जातं, त्यामुळे डोळ्यांनी घर दाखवणं जमेना. मग आम्ही ओळी मोठ्याने म्हणायचं ठरवलं. ‘क? च? ट? त? प?’ हवी ती ओळ आली की तिने खूण करायची. कसली खूण, हे आम्ही ठरवायच्या आतच तिने मान उजवीकडे टाकली आणि हात फेकला. तीन वर्षं उत्तर न मिळालेला तोच हात. ‘त? थ? द? ध? न?’ हात. न. पुन्हा ओळी. क. मग मात्रा, ओकार. ‘नको’ हा शब्द पुरा व्हायला अकरा मिनिटं लागली. घड्याळ माझ्यासमोर होतं. काय नको? स. काना. मी उतावीळपणे म्हणालो, साय! दुधातली साय काढून आणली, ती रडायला लागली. आजी म्हणाली, तिला पुरं बोलू दे की. ड. एकार. साडे. घड्याळात चार वाजून दहा मिनिटं झाली होती.

साडेचार बंद झाले नाहीत. तासाचा अर्धा तास झाला आणि बेनसमोर पाटी ठेवायची असं ठरलं. बेनना मराठी वाचता येत नव्हतं, पण गुजराती कक्का त्याच क्रमाने जातो. शिरोरेषा नाही एवढंच. महिनाभरात रेवा त्यांच्याशी गुजरातीत भांडायला लागली. जी भाषा कमी करायची होती तिच्याच ओळींवरून दुसरी आपोआप आली. कन्नड, तेलुगू, बंगालीतही हीच पाटी चालेल. तमिळमध्ये ओळी आखूड होतील, म्हणजे उलट सोपंच.

ज्या वर्षी आमची पाटी झाली त्याच वर्षी, २०१२ मध्ये, कॅनडाच्या पीटर रोझेनबॉम यांनी यान विलेम खोर्टर यांच्यासह एक छोटा लेख लिहिला. रोझेनबॉम यांचं नाव मला आधीपासून नकोसं झालेलं होतं. सेरेब्रल पाल्सीच्या मुलांच्या हालचालींच्या पाच पायऱ्या १९९७ मध्ये ज्या गटाने ठरवल्या त्यांतले ते एक, आणि २००२ मध्ये ओंटारिओतल्या ६५७ मुलांवरून प्रत्येक पायरीची वाढरेषा काढणारेही तेच. रेवा पाच वर्षांची असताना डॉक्टरांनी मला ती रेषा दाखवली होती. चौथ्या पायरीची मुलं साडेतीन वर्षांच्या सुमारास आपल्या मोठ्या हालचालींच्या क्षमतेच्या ९० टक्क्यांपर्यंत पोचतात. पुढे रेषा आडवी. त्या रात्री मी जेवलो नाही. दुसऱ्या दिवशी मात्र वेगळंच वाटलं: हे जर आधी कोणी दाखवलं असतं तर ‘चालणे’ या रकान्यासाठी आम्ही बडोदा ते चेन्नई फिरलो नसतो. २०१२ च्या लेखात त्याच रोझेनबॉम यांनी लिहिलं की मुलाकडे पाहताना सहा गोष्टी पाहा: काम जमणं, कुटुंब, अंगातली ताकद, मजा, मित्र, भविष्य. इंग्रजीत सगळे शब्द एफ या अक्षराने सुरू होतात आणि थोडी शब्दचमत्कृती आहे. काम कसं जमलं, रीतीला धरून की आपल्या पद्धतीने, हे दुय्यम, असंही त्यात आहे. हे त्यांनी दहा वर्षं आधी का नाही लिहिलं म्हणून मी त्यांच्यावर चिडलो, मग स्वतःवर.

रेवाने दहावीची परीक्षा लेखनिक घेऊन दिली. सरकारी नियमाप्रमाणे तासाला किमान २० मिनिटं जादा मिळतात. हा हिशेब हळू लिहिणाऱ्या हाताचा आहे. ओळी म्हणून एकेक अक्षर काढणाऱ्या मुलीचा नाही. नागरिकशास्त्राच्या पेपरात तिने चार गुणांच्या प्रश्नाला तीन शब्दांत उत्तर दिलं. गुण दोन. भूगोलाचा नकाशा तिने सोडून दिला. पास झाली. आता ती २० वर्षांची आहे, उजव्या गालाशी लावलेलं बटण दाबून संगणकावर टाइप करते. पडद्यावर ओळी आपोआप उजळत जातात, क, च, ट, त, प. दमली की मात्र पाटीच हवी असते, आणि ओळी म्हणायला माणूस.

या लेखासाठी गेल्या महिन्यात मी फाइल माळ्यावरून काढली आणि तिची परवानगी घ्यायची म्हणून एकेक पान तिला वाचून दाखवायला लागलो. मान धरणे, बसणे, रांगणे. तिसऱ्या पानावर हात गेला. मी पाटी आणली. क. अनुस्वार. ट. काना. मला शब्द कळला होता, पण आजीची शिस्त आहे, म्हणून ळ येईपर्यंत थांबलो. काना.

कंटाळा.

फाइल परत माळ्यावर ठेवली.